रकाना सातवा

कुडाळच्या कोर्टासमोर, चहाच्या टपरीला लागून माझं टेबल.
टाईपरायटर जाऊन प्रिंटर आला त्याला बारा वर्षं झाली,
लोक अजून टायपिंगवाली म्हणतात.

अर्ज इंग्रजीत आहे, नुकसानभरपाईचा.
सातव्या रकान्यात एकच शब्द: डस्ट.
पुढे दोन चौकोन. हो. नाही.

समोर लवू घाडी. झारापच्या सड्यावर
सव्वीस वर्षं चिरे काढले,
आधी कुदळीनं, मग कटर मशीननं.
दर दोन वाक्यांनी थांबतो, खोकल्याला वाट देतो
अरुंद रस्त्यात एसटीला देतात तशी.

मी विचारलं, कामावर धूळ होती?
"खंयची धूळ?
धूळ रस्त्याक असता. गाडी गेली की उठता,
मगे बसता आपल्या जाग्यार."
बरं, धुरळा?
"धुरळो इलेक्शनाक."
आणि हसला, आणि ते हसू त्याला महागात पडलं.

खणात माझा शब्दकोश आहे, पुठ्ठा गेलेला.
त्यात बघते तर डस्ट करणं म्हणजे कपाटावरचं पुसून काढणं,
आणि केकवर साखर भुरभुरणं, तेही डस्ट करणंच.
एकाच हातानं द्यायचं आणि न्यायचं.
आमच्याकडे नेणारी केरसुणी वेगळी, देणारी चिमूट वेगळी.

केर दिवेलागणीनंतर बाहेर टाकत नाहीत.
राख भांड्यांना, तीच देवळातून आली की अंगारा.
पुळण वेंगुर्ल्याहून चपलेत बसून घरापर्यंत येते,
अंथरुणात सापडते,
तिला कुणी धूळ म्हटलेलं मी ऐकलं नाही.
मोठ्या माणसाला आपण म्हणतो, एकदा पायधूळ झाडा.
हे इंग्रजीत टाईप केलं तर काय होईल:
कृपया आमच्या घरी येऊन घाण करावी.

माझी आई धुळाक्षरं शिकली. पाटीला पैसे नव्हते.
मांगराच्या मागं बोटानं ग काढायची,
कोंबडी त्यावरून चालत जायची,
ती परत काढायची.
तिच्या बोटाखाली होती ती ह्या रकान्यात बसत नाही.

लवू बोलत नव्हता. बोलली भागीरथी,
इतका वेळ पिशवी मांडीवर धरून बसलेली.
"धूळ न्हय ती. ह्यां चिऱ्याचां पीठ.
जात्याचां पीठ पोटात जाता, ह्यां छातयेत गेला.
बनियन तीनदा पिळलंय तरी पाणी तांबडा."
मग टपरीच्या पलीकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही:
"काजीच्या पानार बसलेलां पावसान धुतल्यान.
ह्येंच्या आत पाऊस खंय पडता?"

मी हो वर खूण केली.
दुसरं काय करणार होते, डस्ट होती हे खरंच होतं,
जसं माणूस होता हे खरं असतं
आणि त्यात नाव येत नाही.

खाली शेऱ्याला दोन इंच जागा असते, कुणी भरत नाही.
तिथं मराठीत टाईप केलं: चिऱ्याचं पीठ.
प्रिंटरला फॉन्ट सापडला नाही.
कागदावर नुसते चौकोन आले, एका ओळीत,
रिकामे, खूण न केलेले.

मग पेन घेतलं.
आईला कळलं असतं, मी ठ किती हळू काढला.

लवूनं सही केली, भागीरथीनं अंगठा.
शाई वाळेपर्यंत तिघंही गप्प बसलो.
टपरीवाल्यानं बालदी भरून आणली
आणि समोरच्या रस्त्यावर पाणी मारलं,
धूळ बसावी म्हणून.