काच तारीख सांगत नाही

दहा मिनिटं असतात हातात.
थेंब गार झाला की त्याचं पोहणं थांबतं,
मग पेशींच्या गर्दीत त्याला ओळखणं म्हणजे
बाजार उठल्यावर पाकीटमार शोधणं.

म्हणून मी काचपट्टी तळहाताच्या उबेत धरून धावते,
टिओंगे नर्सच्या पडद्यापासून खिडकीपर्यंत,
चौदा पावलं.
वीज नसतेच. आरसा तिरका करते,
न्खाटा बे-चं पाणी जेवढं ऊन परत फेकतं
त्यातलं चिमूटभर मायक्रोस्कोपला पुरतं.

आणि तो दिसतो.
नासपतीसारखा, पुढे चार चाबूक,
मधेच असा दचकतो
की कुणी मागून हाक मारली असावी.
ट्रायकोमोनास.
अकरा वर्षं झाली या खिडकीशी,
खोटं कशाला बोलू,
अजून मला तो बघायला आवडतो.

बाहेर बाकावर तोवेरा.
पायाशी टोपली, टोपलीत वाळवलेली उसिपा,
बोटाएवढे मासे, चंदेरी, डोळे उघडे.
चार महिने तिला वाटत होतं
वास धंद्याचा आहे.
मासळी विकणारीला कोण सांगणार
की हा वास टोपलीतला नाही?
तिनं अंगाला लिंबू चोळलं, राख चोळली,
ओल्या जागेची आग कुणाला सांगितली नाही.

मी नाव सांगते. औषध आहे म्हणते.
ती औषधाचं विचारत नाही.
"कुणी आणला?"
आणि मग, हळू: "कधी?"

काच तारीख सांगत नाही, तोवेरा.
तो महिनोन्महिने राहतो गप्प, कधी वर्षंही,
पुरुषात तर बहुतेकदा
पाहुण्याला पाणीसुद्धा मागायला नको असं.
तुमच्या लग्नाच्या आधीचा असेल. नसेल.
मी त्याची शेपटी मोजू शकते,
वाट नाही.

सकाळी एक, रात्री एक, सात दिवस.
एक चिठ्ठी वोंगानीसाठी.
दोघं बरे होईतो वेगळ्या चटया.

तो आला नाही.
"मला खाजत नाही, जळत नाही,
मी कशाला गिळू तुझी गोळी?"
सहा आठवड्यांनी तीच बाई, तीच टोपली,
काचेवर तेच चार चाबूक.
टिओंगेनं रजिस्टर जरा जोरात मिटलं,
पण बोलली काही नाही.

तोवेरानंच सांगितलं नंतर, हसू दाबत:
रात्री ती त्याच्या अवजारांच्या पेटीवर जाऊन बसली
आणि विचारलं,
बोटीच्या इंजिनाचा कार्ब्युरेटर पुसून लख्ख करतोस
आणि टाकीत तेच गढूळ पेट्रोल ओततोस
असं कधी केलंयस?

गुरुवारी आला. नखांत ग्रीस,
टोपी हातात, नजर आमच्या कॅलेंडरवर.
चार गोळ्या एकदम, टिनच्या मगात पाणी,
टिओंगे समोर उभी, मग रिकामा होईपर्यंत.
"तोंडाला लोखंडाची चव येईल.
आणि तीन दिवस चिबुकू बंद."
"लोखंडाची रोजच असते," तो म्हणाला,
"पाना दातांत धरतो ना मी.
चिबुकूचं मात्र वाईट झालं."
मागे बाकावरच्या तीन बायका हसल्या,
त्यांतल्या एकीनं जाताना
न मागता नवऱ्यासाठीची चिठ्ठी नेली.

तीन महिन्यांनी पुन्हा थेंब, पुन्हा चौदा पावलं.
आभाळ भरलेलं, आरशाला ऊन मिळेना.
मी पट्टी सरकवत राहिले,
डावीकडून उजवीकडे, जाळं ओढतात तशी,
दहा मिनिटं, मग आणखी दोन.
पेशी होत्या. कुणी दचकलं नाही.

"गेला ना?" तिनं विचारलं.
रजिस्टरात "गेला" लिहायला रकाना नाही.
तिथे मी लिहिते: दिसला नाही.
तिला ते वाचून दाखवलं.
ती बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिली,
मग म्हणाली,
घरीही सध्या एवढंच म्हणते मी.

आणि मूठभर उसिपा वर्तमानपत्रात बांधून
माझ्या खिडकीत ठेवून गेली.