भार टाकणं

माझ्या सदऱ्याला पाच गुंड्या आहेत.
हे मला सत्तरीत कळलं.
त्याआधी त्या लागायच्याच, जशी भरती येते,
कोण मोजत बसतो.
आता सुन्नुवा खालून वर लावत येते,
चौथीपाशी थांबून खिडकीबाहेर बघते,
मेंढ्या कुंपण ओलांडून चर्चच्या आवारात शिरल्यात का,
आणि मी उभा, हनुवटी वर करून,
शाळेत निघालेल्या पोरासारखा.

उजवा हात फेब्रुवारीत गेला.
गेला म्हणजे आहे, खांद्याला लटकलेला,
दुसऱ्याच कुणी आपलं सामान
माझ्याकडे ठेवायला दिल्यासारखा.

याच हाताने मी दोर धरला आहे.
तीस उन्हाळे, फॅरोमधल्या आमच्या बेटाच्या पश्चिम कड्यावर,
जिथे समुद्र इतका खाली
की लाट आधी फुटते आणि आवाज नंतर येतो.
सहा जण वर, एक जण खाली,
कपारीतल्या पाखरांच्या अंड्यांसाठी.
मी कायम वर. पहिला. काठाला सगळ्यात जवळ.
गावात म्हणायचे, हानुसने धरलंय ना, मग झोपा निवांत.
आणि मला ते आवडायचं, देवा,
तुला ठाऊकच आहे किती आवडायचं.
रविवारी, डांबराने काळ्या केलेल्या त्या लाकडी चर्चमध्ये
तुझ्यावरच भिस्त, असं सगळ्यांबरोबर म्हणताना
मी मनात स्वतःची मनगटं चाचपायचो.

खाली मी कधी उतरलो नाही.
उतरायचा पाउली, धाकटा.
पुढे तो मासेमारीच्या जहाजावरून परत आला नाही.
ती गोष्ट वेगळी, तिथे दोर नव्हता, माझे हात नव्हते.
तुझ्याशी मी दोन वर्षं बोललो नाही तेव्हा.
तू ते चालवून घेतलंस
की तुलाही बोलायचं नव्हतं, माहीत नाही.

पाळक गुरुवारी येतात. कॉफी पितात.
म्हणतात, दुःखातून देव शिकवतो.
मी म्हणतो, त्याला सांगा, विद्यार्थी म्हातारा आहे,
पाटी एकाच हाताने धरतो.
ते हसतात.
माझा अर्धाच ओठ हसतो, तेवढा हसतो.

रात्री कूस बदलता येत नाही.
मी मागतो: हात दे. दुसरं काही नको.
हात दे, म्हणजे पुन्हा तुला त्रास देणार नाही.
आणि स्वतःच्या तोंडचं हे वाक्य ऐकून
अंधारात डोळे उघडतो.

एकदा अंगणात दोर सुकवताना पाउली म्हणाला होता,
नवखे मरतात ते दोर तुटून नाही.
त्यांना खडक सोडवत नाही.
एक हात दगडावर, अर्धा जीव दोरावर,
मग वारा उचलतो आणि आपटतो.
मागे रेलायचं, हानुस. पाय कड्याला, पाठ पोकळीला.
सगळा भार द्यायचा. सगळा.
वरचा माणूस दिसत नाही.
आपण हिसका दिला की तो हिसका देतो, एवढंच.

आणि भीती? मी विचारलं.
असते की, म्हणाला. तिचंही वजन दोरच घेतो.

मला हसू आलं होतं.
दोर धरणाऱ्याला हे कशाला हवं!

शनिवारी आंघोळ. सुन्नुवा साठ किलोंची, मी नव्वद.
डाव्या हाताने मी टबाचा काठ गच्च धरतो.
ती म्हणते, सोड. मी म्हणतो, पडेन.
ती म्हणते, धरलायस म्हणून पडशील.
दर शनिवारी हेच.

काल सोडला.
का, ते विचारू नका. हात दमला असेल.
सोडला आणि मागे रेललो
तिच्या भिजलेल्या एप्रनवर, सगळाच्या सगळा.
त्या क्षणी मी कुणाकुणाच्या हातांत होतो
ते नीट सांगता यायचं नाही.
तिचे हात होते, हे नक्की.
आणखी कुणी असेल तर तो वर,
काठामागे, न दिसणारा,
टाचा रोवून.

आज हलका झालास, ती म्हणाली.
वजन तेवढंच आहे, मी म्हटलं.

मग गुंड्या. चौथीपाशी ती थांबली.
मेंढ्या आत शिरल्या होत्या, थडग्यांवरचं गवत खात होत्या.
ती त्यांना हाकलायला धावली
आणि मी पाचवीची वाट बघत उभा राहिलो.

हात मी आज रात्रीही मागणार आहे.
फक्त पुढचं वाक्य गाळून.