खालून पांढरं

मार्च अर्धा सरतो, ऑस्त्रावा शहरात
बर्फ मळका होऊन फुटपाथच्या कडेला पडून असतो,
खाणीच्या ढिगाऱ्यावर मात्र तो टिकत नाही.
ढिगाऱ्याच्या पोटात आग आहे.
दगडांसोबत वर आलेला, कुणी न निवडलेला कोळसा
आमच्या जन्माआधीपासून आतल्या आत धुमसतो.
आणि वर, तळवा टेकला तर नुसता कोमट लागेल अशा मातीत
पोदब्येल उगवतं.

पान नाही.
खवल्याखवल्यांचा जाड देठ, त्याच्यावर पिवळी चकती.
ऊन गेलं की मिटते, मान टाकते,
वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरासारखी.

शाळेनं नेमून दिलेलं असायचं:
माणशी अर्धा किलो, वाळवून.
अर्धा किलो वाळलेलं म्हणजे तीन किलो ओलं,
हे गणित मला मास्तरांनी नाही शिकवलं.
ओटाकारच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांवर
पुढाऱ्यांचे चेहरे झाकत आम्ही फुलं पसरायचो,
आणि त्याची आई हेडविका
त्यातली ओंजळभर आपल्यासाठी काढून घ्यायची.
शाळेचं वजन भरायला मग आम्ही देठं घालायचो.

बरणीत एक थर फुलांचा, एक थर साखरेचा,
पुन्हा फुलं, पुन्हा साखर,
दाबून, फडकं बांधून, दक्षिणेच्या खिडकीत.
तीन आठवड्यांनी तळाशी तपकिरी पाक उतरायचा.
तो विलेमसाठी.
विलेम पाळीवरून यायचा, बूट काढायचा, खोकायचा,
भिंतीला हात लावून उभा राहायचा,
मग चमचा.
सुजलेल्या घोट्याला ताजं पान बांधायचा.
त्याचा आजा तर हीच पानं चिलमीत भरून ओढायचा,
दम लागू नये म्हणून.
धुरानं भरलेल्या छातीवर धुराचाच उतारा.
हसू नका, तो एक्याऐंशी वर्षं जगला.

जुन्या वैदूंच्या पोथीत या फुलाचं एक नाव आहे:
बापाआधी मुलगा.
फूल आधी येतं, पान मागून, म्हणून.
औषधशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला मी ते वाचलं
आणि ओटाकारला पत्रातून कळवलं. गंमत म्हणून.
तो तेव्हा नुकताच खाणीत उतरला होता,
बापाच्याच पाळीवर.

आता मी काउंटरच्या या बाजूला असतो.
माझ्याकडे पत्रक आहे, त्यात बारीक अक्षरात लिहिलंय:
या झाडात यकृताला घातक द्रव्य असतं,
फार दिवस घेऊ नये.
हेडविका रिकाम्या बाटल्या मागायला आली
तेव्हा मी ते तिला वाचून दाखवलं. सगळं.
तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.
म्हणाली, "साठ वर्षं आलुबुखारची दारू पचवलीय त्या यकृतानं.
त्याला सांग, रांगेत थांब.
आधी छातीचा नंबर आहे."
मी तिला सहा बाटल्या दिल्या.
पैसे घेतले नाहीत, याचं तिला वाईट वाटलं.

सहा कशाला, हे विचारलं नाही.
विलेमला वर्षाला तीन पुरतात.
उरलेल्या तीन ती ओटाकारच्या कपाटात ठेवते,
त्याच्या कोटाखाली, तारीख लिहून.
त्याची छाती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मिटली.

मेमध्ये फुलं म्हातारी होऊन उडून गेलेली असतात,
तेव्हा पानं येतात.
रुंद, घोड्याच्या खुरासारखी,
वरून हिरवी, खालून पांढरी, फलालीसारखी मऊ.
पोदब्येल म्हणजे तेच: खालून पांढरं.

मेमध्येच विलेम दफनभूमीत जातो.
त्याआधी चढ चढवत नाही, थंडीत श्वास पुरत नाही.
वाटेत ढिगाऱ्याच्या पायथ्याशी थांबून
एक पान खुडतो.
हिवाळाभर दगडावर काजळी बसलेली असते.
पानाची पांढरी बाजू तो अक्षरांतून फिरवतो,
सावकाश, मध्ये दम खात.
ओ-वरून सुरुवात करतो.
नाव संपेपर्यंत पान दोन्हीकडून काळं होतं.
ते तो टाकत नाही. घडी घालतो,
खिशात ठेवतो,
आणि खोकत खोकत उतार उतरू लागतो.