हरकती व सूचना

नकाशावर हैल अल-मर्ख म्हणजे
करंगळीच्या पेराएवढा राखाडी डाग.
तोही मीच भरलाय. लेयर सतरा: विद्यमान वस्ती.
तिन्ही बाजूंनी गुलाबी:
नऊ हजार दोनशे घरं, टप्पा एक ते चार,
पाच मशिदी, दोन शाळा, एक मॉल.
चौथ्या बाजूला डोंगर,
त्याला अजून कुणी रंग विचारलेला नाही.

सोहारपासून चाळीस किलोमीटर आत,
मजलिसच्या गालिच्यावर नकाशा पसरलाय.
कोपऱ्यांवर वजन म्हणून
कॉफीचा दल्ला, खजुराची थाळी, दोन मोबाइल.
पंख्याच्या वाऱ्यानं तरी टप्पा तीन
सारखा उचलला जातो.
मी मूळची तासगावची, इथली मुहंदिसा,
मोडक्या अरबीत विचारते:
काही हरकती? सूचना?
तीस दिवसांची मुदत आहे.
रकाना लहान आहे, पण मागच्या बाजूला लिहिलेलं चालतं.

खल्फान बिन मुहन्ना, फलजचा अरीफ,
पन्नास वर्षं गावाच्या पाळ्या वाटणारा,
चष्मा पुसतो.
"रस्त्यावर दिवे किती?"
मला पाठ आहे. दोन हजार एकशे चाळीस खांब.
"रात्रीचं पाणी आम्ही ताऱ्यावर देतो.
तो कड्यामागून वर आला
की सुलैयमची पाळी संपली, झुवैनाची सुरू.
तुमच्या उजेडात तारा हरवला
तर त्या बाईला मी काय सांगू?"

मी रकान्यात लिहिते: प्रकाश प्रदूषण.
आणि पेन तसंच धरून बसते,
डब्यात न मावणारं काहीतरी
झाकण दाबून बसवल्यासारखं वाटतं.

"घड्याळ आहे की, अम्मी खल्फान,"
बर्गश हसतो. त्याचाच पुतण्या.
"घड्याळ मागेपुढे करता येतं.
ताऱ्याला कुणी चहा पाजलाय का आजवर?"
सगळे हसतात. बर्गशही.
मग तो माझ्याकडे वळून, आवाज उतरवून:
सात वर्षं यादीत नाव आहे, मॅडम.
बापाच्या घरामागं एक खोली, तीन मुलं,
बायको रोज विचारते.
माझी हरकत एवढीच लिहा:
टप्पा चार आधी करा.
लिहिलं.
एकाच कागदावर, एकाखाली एक,
काका आणि पुतण्या.

माझंही एक घर आहे. टप्पा दोनमध्ये.
तळेगावच्या पुढं, टेकडी फोडून,
वन बीएचके, तिसरा मजला.
इथूनच बुक केलं, सह्या कुरिअरनं पाठवल्या.
ब्रोशरवर होतं: निसर्गाच्या कुशीत.
त्या कुशीत आधी कोण निजलं होतं
ते छापलेलं नव्हतं,
मीही विचारलं नाही.
हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो.
तिथंही कुणी गालिचा, घोंगडी, काहीतरी अंथरून
मागच्या पानावर लिहिलं असेल.
ते पान कुणी उलटलं का,
कोण जाणे. मी तर टाइल्सचा रंग निवडत होते.

उन्हं उतरल्यावर खल्फान फॉर्म परत देतो,
पाठीमागं बारीक अक्षरात भरलेला.
मला छापील अरबी जमतं, हाताचं नाही.
परतीच्या वाटेवर ड्रायव्हर इद्रीस
गाडी कडेला घेऊन, आतला दिवा लावून वाचतो:
नावं आहेत, मॅडम. माणसाचं नाव, पुढं ताऱ्याचं.
सुलैयम, मग झुवैना, मग मशिदीची बाग.
एकेचाळीस ओळी.
आणि खाली:
नऊ हजार दोनशे घरं. कुठल्या ताऱ्यावर?

उत्तर आहे माझ्याकडे.
समुद्राचं पाणी गोडं करून, पाइपनं, चोवीस तास.
लेयर एकवीस, निळी तुटक रेघ.
उद्या टाइप करून शिक्का मारीन.

फोन वाजतो. टप्पा दोनचा सोसायटी ग्रुप.
बी विंगमधून कुणीतरी, रोजच्यासारखं:
टँकर आला का?