लाल चांदणीचे रकाने

मार्चमध्येच चाळिशी ओलांडलेलं ऊन
केगावच्या माळावरून सरळ खिडकीत.
भूशास्त्र विभाग, खोली क्रमांक नऊ.
पंखा आहे, पण वारा पुढच्या टेबलाला देतो.
माझी ऑर्डर अकरा महिन्यांची,
त्यातले चार हत्तुरे सरांच्या सहीची वाट बघण्यात गेले.

काम सांगायला सोपं :
जुनी वेबसाइट उचलायची, नव्या प्लॅटफॉर्मवर ठेवायची.
"घर बदलल्यासारखं," सर म्हणाले.
सरांनी घर कधी बदललेलं नाही.
आम्ही सात वेळा.
पातेली मोजून नेली तरी झाकणं मागं राहतात.

जुन्या पानावर 'नवीन' हा शब्द
चौदा वर्षं लुकलुकत होता,
पुढं एका कार्यशाळेची तारीख, २०११ची.
मराठी मजकूर जुन्या फॉन्टातला,
उघडला की नुसते मुंग्यांचे पाय.
विभागाचं ध्येयधोरण, जे कुणी वाचलं नव्हतं,
ते आता कुणालाच वाचता येईना.
मी परत टाइप केलं, अंदाजानं.
एक वाक्य माझं घातलं.
अजून कुणी विचारलेलं नाही.

नाना पॉवरलूमवर सांधणी करायचे.
संपत आलेल्या ताण्याचं एकेक टोक
नव्या ताण्याच्या टोकाला,
राखेची चिमूट, पीळ,
चोवीसशे वेळा.
एक सुटलं तर चादरभर रेघ पडते, म्हणायचे तेलुगूत,
आणि गिऱ्हाईक नेमकं तीच बघतं.
मी तेच करते खुर्चीत बसून :
जुना पत्ता, नवा पत्ता, जुना पत्ता, नवा पत्ता.
बोटांना राख लागत नाही, एवढंच.

कुठलं पान किती जण उघडतात, ते आता कळतं.
ध्येयधोरण : दोन. (दोन्ही वेळा मीच.)
विभागप्रमुखांचं मनोगत : पाच.
विहिरींच्या पाणीपातळ्या, उत्तर सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा :
चार हजार एकशे सहा.
हैदराबादेतून, दिल्लीतून, जर्मनीतल्या कुठल्याशा गावातून
लोक येतात, तक्ता उतरवून घेतात, जातात.
तक्त्याखाली लिहिलंय : स्रोत, विभाग.

विभाग म्हणजे मशाक मुल्ला, शिपाई.
सव्वीस वर्षं, महिन्याचे पहिले तीन दिवस,
आधी लुनावर, मग सुझुकीवर,
पिशवीत फीत, फितीला शिशाचं वजन.
सोडायचं, टप् ऐकायचं, आकडा वहीत.
मी कोरड्या विहिरीपुढं शून्य टाकलं
तेव्हा पहिल्यांदा ते खुर्चीशेजारी येऊन उभे राहिले.
"शून्य नका लिवू मॅडम.
शून्य म्हणजे पाणी काठाला आलं की.
कोरडीला कोरडी लिवायचं."

मग मी त्यांचं पान करायला घेतलं.
प्लॅटफॉर्म अडला. काही रकान्यांवर लाल चांदणी :
भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही.
शिक्षण. नववी, नाइट स्कूल.
पदनाम. ते होतंच.
प्रकाशनं, फक्त आकडा.
मी कॅल्क्युलेटर काढला.
तेवीस विहिरी, बारा महिने, सव्वीस वर्षं,
त्यातून लॉकडाउनचे तीन महिने वजा,
पाय मोडला होता ते दोन वजा.
सात हजार एकसष्ट. कोरड्या धरून.
जतन झालं.

त्यांनी पान बघितलं, म्हणजे फोटो बघितला.
"कॉलर वाकडी आली."
सरांनी अजून बघितलेलं नाही. बघतील.
जूनला माझी ऑर्डर संपते,
पासवर्ड कुणाकडं द्यायचा ते तिच्यात लिहिलेलं नाही.

आज मे महिन्याची वही टेबलावर आली,
पानांना माती, एका कोपऱ्याला चहा.
विहीर क्रमांक सतरा : कोरडी.
नव्या तक्त्याचा रकाना फक्त आकडे घेत होता.
आधी तो बदलला.