पुंगळ्या

जालन्याच्या रोलिंग मिलपल्याड क्लबाचं मैदान.
डॉक्टर देवणीकर नवा खोका फोडतात,
राखाडी, पोलादी काडतुसं:
"निम्म्या भावात पडली, मुनीरभाई. चालतील ना?"

चालतील. कागदावरल्या गोलाला काय कळतंय
गोळी कुठल्या पुंगळीतून निघाली ते.
पितळ फुगतं, लगेच अंग चोरून घेतं.
पोलादाला ती रीत नाही.
काजळी धरतं, शंभरात एखादं
आत रुतून बसतं हट्टी पाहुण्यासारखं,
मग मी आहेच सळई घेऊन.
पुसायला दहा मिनिटं जास्त. बाकी मजेपुरतं ठीक.

एवढं सांगतो त्यांना.

पितळाच्या पुंगळ्या उन्हात पिवळ्या दिसायच्या,
फरहीन ओंजळीनं वेचायची.
भंगारवाला उठून तराजू लावायचा.
ह्या काळ्या मातीत दिसतच नाहीत.
म्हणून जुन्या स्पीकरचं चुंबक
सुतळीला बांधून दिलंय तिला.
गवतातून ओढत नेते, बकरीसारखं,
परत येते तर चुंबकाला दाढी फुटलेली.

"अब्बा, आता कित्ती सोपं झालं!"

हाव, म्हटलं.
भंगारवाला बसल्या जागेवरूनच बोट करतो:
टाक तिकडं, लोखंडात.

भिंतीपल्याड भट्टी चालूच असते.