जिनपुऱ्याची हद्द

नगरपरिषदेच्या पोट्ट्यानं फॉर्म पुढे केला:
काकाजी, चतुःसीमा सांगा.

लिहून घे बाबू.
पूर्वेला नाला. त्याला नाव नाही,
पोळ्याला बैल धुताना तेवढं
सगळे त्याला नदी म्हणतात.
पश्चिमेला रूळ होते. आता रुळांची उंची आहे फक्त,
तिच्यावर शेळ्या बसतात,
पावसाळ्यात साप.
उत्तरेला जिन. म्हणजे जिनाचं धुराडं.
म्हणजे धुराड्यातून उगवलेला पिंपळ.

दक्षिणेचं मला विचारू नको.
दक्षिणेला पाणी बदलतं.

हे तुझ्या नकाशात नसेल.
नत्थूजी ढोक्यांच्या ओट्यापर्यंत डाळ शिजते.
पलीकडं कौतिकाबाईच्या चुलीवर
तीच तूर, तसाच गंज,
उन्हं कलली तरी दाणा दाण्यासारखा.
मधे सतरा पावलं.
मोजलीत मी. मोजणी खात्यात
एकतीस वर्षं साखळी ओढली,
दगड रोवले, लोकांनी रातोरात सरकवले.
ही एक हद्द कोणाला सरकवता आली नाही.

कंपनीच्या गोऱ्या साहेबालाही नाही.
त्याला इंजिनासाठी पाणी हवं होतं.
वडारांनी साठ हात खणलं.
झरा फुटला तेव्हा गूळ वाटला म्हणतात,
साहेबानं टोपी काढली, ओंजळ तोंडाला लावली
आणि थुंकला.

विहीर अजून आहे. पोरं तिच्यात पतंग पाडतात.
मग गोड पाणी लांबून यायला लागलं,
टाक्यांसोबत हमाल आले,
हमालांमागून बायका, सरकी निवडायला,
हुसेन मिस्त्री रेचे दुरुस्त करायला आला, तीन दिवसांसाठी,
त्याच्या नातवाचं नाक्यावर टायरचं दुकान आहे.
असा वसला जिनपुरा,
न लागलेल्या पाण्याभोवती.

पोट्टं पेन चावत होतं.
काकाजी, आता तर नळ आलाय तुमच्याकडं.
आलाय ना. दिवसाआड.
येतो त्या दिवशी हद्द पुसली जाते,
दोन्हीकडं वरणाच्या शिट्ट्या.
येत नाही त्या दिवशी कौतिकाबाई
डोक्यावर गुंड घेऊन सतरा पावलं येते,
सतरा जाते,
नत्थूजीच्या सुनेशी पाच मिनिटं भांडून.

मग दक्षिणेला लिहू काय?

आज नळाचा दिवस आहे का बघ, म्हटलं,
आणि पेन्सिलनं लिही.